लेक तीन वर्षांचा होतोय: अर्ली इंटरव्हेन्शन संपून शाळेची आयईपी (न्यू जर्सी) – अनुभव हवेत

कोथिंबीरवडी, 11 जानेवारी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतं वाचत आले, धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. लेक 2 मार्चला तीन पूर्ण करेल. त्याच्या दीड वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी एम-चॅटची (ऑटिझमच्या लक्षणांची) प्रश्नावली भरून घेतली, तेव्हापासून मनात पाल चुकचुकत होती. दुसऱ्या वाढदिवसानंतर अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे विकासात मागे असलेल्या तीनच्या आतल्या मुलांसाठीची सरकारी सेवा, सुरू झालं. आठवड्यातून एकदा स्पीचवाली घरी येते, एकदा ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट). दोघी जमिनीवर मांडी घालून बसतात, मलाही बसवतात. आपल्या घरात मांडी घालून बसणारी अमेरिकन बाई बघून सासूबाई पहिल्याच दिवशी खूश झाल्या होत्या. उत्पन्नाप्रमाणे काही पैसे भरावे लागतात, ते भरतो. लेक आता वीसेक शब्द बोलतो. त्यातले सतरा मराठी.

आता गोची अशी की तीन पूर्ण झाले त्या दिवशी हे सगळं बंद. पुढची जबाबदारी आमच्या पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाची. त्यांनी लेकाची आयईपी करायची, म्हणजे त्याच्यापुरता लेखी शिक्षण-आराखडा. मी ऑक्टोबरमध्येच डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन केला होता. बाई फार गोड बोलल्या, "आम्ही कळवू" म्हणाल्या. मी आपली निवांत. परवा पुन्हा फोन केला तर म्हणतात, तुमची विनंती आमच्याकडे नोंदलेलीच नाही, आता रीतसर सुरुवात करू, सप्टेंबरपर्यंत वर्गात जागा बघू. सप्टेंबर! म्हणजे मधले सहा महिने पोरगं घरी.

दुसरी गोष्ट, आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी तो गोंधळतो. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी नातवाशी बोलायचंच नाही का?

आणि तिसरी, जी नवऱ्यासमोर बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय. त्याला वाटतं शाळेच्या कागदावर एकदा "स्पेशल" शब्द चढला की तो उतरत नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर लिहा.

शब्दवेल्हाळ, 11 जानेवारी

मी न्यू जर्सीतल्याच एका पब्लिक स्कूलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे, चौदा वर्षं. तीन ते पाचच्या मुलांबरोबरच काम करते. आधी एक करा, मग पुढचं वाचा: आज रात्रीच डिस्ट्रिक्टच्या स्पेशल सर्व्हिसेसच्या डायरेक्टरना पत्र लिहा. ईमेल चालेल. मुलाचं नाव, जन्मतारीख, तो अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये आहे हे, काय काळजी वाटते ते चार ओळींत, आणि हे वाक्य की "मी माझ्या मुलाच्या विशेष शिक्षणाच्या पात्रतेसाठी संपूर्ण तपासणीची लेखी विनंती करत आहे". वर तारीख. तारीख विसरू नका, कारण घड्याळ तिथून चालू होतं.

फोनला या व्यवस्थेत काडीची किंमत नाही. त्या बाई खोटं बोलल्या नाहीत हो, नोंद खरंच नसणार. लेखी विनंती पोचली की आपल्या राज्यात वीस दिवसांत डिस्ट्रिक्टला मीटिंग घ्यावी लागते. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस मोजतात, वर्षात मधे येणाऱ्या शाळेच्या इतर सुट्ट्यांचे मोजत नाहीत. तिथे चाइल्ड स्टडी टीम असते: शाळेचे सायकॉलॉजिस्ट, लर्निंग कन्सल्टंट, सोशल वर्कर, आणि मूल शाळेच्या वयाआधीचं असलं की आमच्यापैकी कुणीतरी. तपासणीला तुम्ही सही दिलीत की तिथून नव्वद दिवसांत तपासणी, पात्रता, आयईपी आणि प्रत्यक्ष वर्ग, सगळं व्हायला हवं.

अर्ली इंटरव्हेन्शनच्या मुलांसाठी खरं तर ही विनंती वाढदिवसाच्या 120 दिवस आधी जायला हवी असते. म्हणजे तुमची नोव्हेंबरच्या सुरुवातीला. ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर तो दोष तुमचा नाही. तीन वर्षं पूर्ण होताना आयईपी तयार असली पाहिजे, हे केंद्राच्या कायद्यातच आहे. "सप्टेंबरपर्यंत बघू" हे उत्तर त्यात बसत नाही. वाढदिवस मार्चमध्ये असेल तर मूल मार्चमध्ये येतं. वर्गात जागा नसणं ही डिस्ट्रिक्टची अडचण आहे, तुमची नाही.

पत्रात एवढंही घाला की घरची भाषा मराठी आहे. नुसतं "इंडियन" लिहू नका. का ते पुढे कळेलच.

आता भाषा. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. ऑटिझम असला तरी नाही, डाउन सिंड्रोम असला तरी नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. एकच भाषा कच्ची असेल तर ती कानावर कमी पडलीय, एवढंच. वीसातले सतरा शब्द मराठी आहेत ना? मग तुमच्या घरातली सगळ्यात चांगली थेरपिस्ट सासूबाई आहेत. त्यांना गप्प बसवू नका.

तात्या_पंढरपूरकर, 12 जानेवारी

माझं मत कडू लागेल. आमचा थोरला चार वर्षांचा होईपर्यंत "आई" आणि "भू" एवढंच म्हणायचा. आज पुण्यात वकील आहे, कोर्टात थांबवावा लागतो. हल्ली दोन वर्षांच्या पोराला प्रश्नावल्या भरायला लावतात. अमेरिकेत प्रत्येक गोष्टीचं दुकान असतं. पोराला जरा चार पोरांत सोडा, बोलेल.

शब्दवेल्हाळ, 12 जानेवारी

तात्या, तुमचा थोरला बोलला याचा मनापासून आनंद आहे. उशिरा बोलणारी काही मुलं आपोआप गाडी पकडतात हे खरंच. पण दोन वर्षांच्या वयात समोर बसलेलं मूल त्यांपैकी आहे की नाही हे मला चौदा वर्षांनंतरही खात्रीने सांगता येत नाही. थांबून बघायचं आणि नाही बोलला तर मधली दोन वर्षं कुणाच्या खात्यात टाकायची?

आणि दुकान म्हणालात म्हणून: तीन वर्षांनंतर शाळेच्या सेवा फुकट असतात. तपासणी, थेरपी, बस, सगळं. "चार पोरांत सोडा" हा तुमचा सल्ला तर या सेवांच्या कायद्यातही आहे, साध्या मुलांबरोबर शिकू द्या म्हणून, फक्त वकिली भाषेत.

प्लेनोकर, 12 जानेवारी

कोथिंबीरवडी, तुमच्या नवऱ्याच्या जागी मी होतो. म्हणून लिहितो.

आम्ही टेक्सासात. मुलगी अडीच वर्षांची असताना बायको म्हणत होती तपासून घेऊ. मी म्हणालो, कागदावर शिक्का नको. माझ्या डोक्यात आमच्या गावच्या शाळेतला "मठ्ठ" म्हणून मागे बसवलेला वर्गमित्र होता. वर्षभर मी तो विषय टाळला. शेवटी साडेतीन वर्षांची असताना तपासणी झाली. त्या वर्षाचा हिशोब मी कुणाला देऊ शकत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

इथली भाषा वेगळी. आयईपीच्या मीटिंगला टेक्सासात "आर्ड" म्हणतात. ॲडमिशन, रिव्ह्यू आणि डिसमिसल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं मुलीला डिसमिस करणार. सही दिल्यावर तपासणीला शाळेचे 45 दिवस आणि मग आर्डसाठी 30 दिवस.

आणखी एक जुनी गोष्ट, माहीत असलेली बरी. टेक्सासने 2004 पासून डिस्ट्रिक्टांना विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण 8.5 टक्क्यांच्या आसपास ठेवायचं लक्ष्य दिलं होतं. देशाची सरासरी तेव्हा तेराच्या घरात. ह्यूस्टन क्रॉनिकलने 2016 मध्ये ते बाहेर काढलं, 2018 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने राज्याला दोषी धरलं. म्हणजे कित्येक वर्षं असंख्य आईबापांना "अजून थांबू या" हे उत्तर मिळत होतं आणि त्यामागे मुलाचा विचार नव्हता, एक आकडा होता. तेव्हापासून मला कुणी गोड आवाजात "थांबू या" म्हटलं की मी "हे लिहून द्याल का?" विचारतो. नकार लेखी द्यावाच लागतो, कारणासकट.

नवखी_जर्सी, 12 जानेवारी

आम्ही एच-1बी आणि एच-4 व्हिसावर (नोकरीचा आणि त्यावरच्या कुटुंबाचा) आहोत, लेकाचा जन्म भारतातला. आम्हालाही हे मिळतं का? आणि ग्रीन कार्डच्या फाईलवर परिणाम होतो म्हणतात, ते खरं आहे का? नवरा त्यामुळे अर्ज करू देत नाही.

प्लेनोकर, 12 जानेवारी

मिळतं. शाळा पत्त्याचा पुरावा मागते, व्हिसा मागत नाही. प्लायलर खटल्यात 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की कागदपत्रं नसलेल्या मुलालाही पब्लिक स्कूल नाकारता येत नाही. तुम्ही तर रीतसर कागद घेऊन आलेले. सरकारवर भार पडण्याचा जो "पब्लिक चार्ज"चा नियम आहे, त्याच्या 2022 च्या रूपात रोख मदत आणि सरकारी खर्चाने कायमचं संस्थेत राहणं एवढंच मोजलं जातं, शाळेचं शिक्षण नाही. हे नियम बदलत असतात, तेव्हा मनाच्या शांतीसाठी इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाका. पण त्या भीतीने मुलाची तपासणी अडवू नका.

टोरांटोची_मावशी, 13 जानेवारी

अवांतर आहे, पण वरच्या भीतीचं मूळ कॅनडात असू शकतं. इथे खरंच मुलाच्या विशेष शिक्षणाचा खर्च "जास्तीचा भार" म्हणून धरायचे आणि अख्ख्या कुटुंबाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) नाकारायचे. 2018 मध्ये ते बदललं, विशेष शिक्षण त्यातून काढलं. आपल्या लोकांत गोष्टी बदलतात पण अफवा बदलत नाहीत.

खाडीकाठचा, 13 जानेवारी

कॅलिफोर्नियावाल्यांसाठी थोडक्यात. तीनपर्यंतच्या सेवा रीजनल सेंटरकडे, तीननंतरच्या डिस्ट्रिक्टकडे. लेखी विनंतीवर 15 दिवसांत त्यांनी तपासणीचा आराखडा द्यायचा, सही केल्यावर 60 दिवसांत मीटिंग. मूल पुढेही पात्र ठरत असेल तर रीजनल सेंटर पूर्ण सुटत नाही, त्यांची फाईल बंद करू देऊ नका. मेरीलँडला माझ्या बहिणीला घरच्या सेवांचा आराखडाच तीननंतर काही काळ पुढे नेण्याचा पर्याय दिला होता. राज्य बदललं की पहिल्यापासून चौकशी करा.

कोथिंबीरवडी, 13 जानेवारी

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. पत्र 11 च्या रात्रीच पाठवलं, 12 वाजायच्या आत, म्हणजे तारीख 11 चीच पडली. (आमच्या घराण्यात मुहूर्त पाळतात.) आज सकाळी उत्तर आलं. ऑक्टोबरपासून न हललेली गोष्ट दीड दिवसात हलली. 27 तारखेला मीटिंग. नवऱ्याला प्लेनोकरांची पोस्ट वाचायला दिली. काही बोलला नाही, पण 27 ची सुट्टी टाकली.

शाळेवरची_ताई, 16 जानेवारी

धागा अमेरिकेचा आहे, पण वाचून राहवलं नाही. मी सोलापूर जिल्ह्यात समग्र शिक्षामध्ये विशेष शिक्षिका आहे. एका तालुक्याच्या जिल्हा परिषद शाळा फिरते. एसटी आणि स्कूटी.

तुमच्याकडे तिसऱ्या वाढदिवसाला घड्याळ लागतं हे वाचून मी दोनदा वाचलं. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 31 सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देतं. तोही लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर. शिक्षण हक्क कायदा सहाला सुरू होतो. म्हणजे तीन ते सहा, ज्या वर्षांबद्दल तुम्ही दिवस मोजताय, ती आमच्याकडे हक्काच्या बाहेर. मूल अंगणवाडीत असतं. आरोग्य विभागाच्या आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, मुलं तपासतं, विकासात मागे असलेल्यांना जिल्ह्याच्या डीईआयसीला (अशा मुलांच्या लवकर उपचारांच्या केंद्राला) पाठवायची चिठ्ठी देतं. चिठ्ठी मिळते हो. पण आठवड्यातून दोनदा ऐंशी किलोमीटर जायचं, तेही मजुरी बुडवून, तर ती आई तिसऱ्या आठवड्याला थांबते. मी तिला दोष देऊ शकत नाही.

2023 मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीचा वेगळा प्रोटोकॉल काढला. कागद चांगला आहे. सेविकेने ओळखायचं, घरच्यांना खेळ दाखवायचे, पुढे पाठवायचं. पण सेविकेकडे पोषण ट्रॅकर आहे, लसीकरण आहे, टीएचआरची (घरी न्यायच्या आहाराची) पाकिटं आहेत, सर्वेक्षणं आहेत. आमच्याकडच्या एका अंगणवाडीत एक न बोलणारा मुलगा येतो. सेविका त्याला रोज खिचडी वाढताना ताट मागे धरते आणि तो हात पुढे करून "दे" म्हणेपर्यंत थांबते. हे तिला कुणी शिकवलं नाही. विचारलं तर म्हणाली, नाहीतर तो मागायला शिकणार कधी? शब्दवेल्हाळ ताई, याला तुमच्यात काय म्हणतात?

शब्दवेल्हाळ, 16 जानेवारी

याला आमच्यात दोन वर्षांची मास्टर्स म्हणतात. त्या सेविकेला माझा नमस्कार सांगा.

तात्या_पंढरपूरकर, 17 जानेवारी

शाळेवरची ताई, तुम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या निघालात. वर मी जे लिहिलं ते लिहिलं. पण माझ्या धाकट्या भावाचा नातू साडेतीन वर्षांचा आहे, हाक मारली तर बघत नाही. घरात सगळे "बापावर गेलाय" म्हणतात. त्याला कुठे न्यायचं?

शाळेवरची_ताई, 17 जानेवारी

तात्या, आधी कान. हाक मारल्यावर बघत नसेल तर सगळ्यात आधी ऐकू येतं का ते तपासायचं. गावच्या अंगणवाडीतून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून डीईआयसीची चिठ्ठी घ्या, तिथे कानाची तपासणी सांगा. टाळी वाजवून घरी तपासू नका, मुलं हवा हलल्यानेही वळतात. बाकीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कोथिंबीरवडी, 19 फेब्रुवारी

ताजी खबर. तपासणी झाली आणि शब्दवेल्हाळ ताई "इंडियन लिहू नका" का म्हणाल्या ते कळलं. मी पत्रात मराठी लिहिलं होतं, तरी डिस्ट्रिक्टने हिंदीचा दुभाषा आणला. चांगले गृहस्थ होते, लखनौचे. ते लेकाला अदबीने विचारतायत, "बेटा, चम्मच कहाँ है?" आणि लेक त्यांच्या मिशांकडे बघतोय.

मग चित्रं दाखवली. बाथटबचं चित्र ओळखलं नाही. आमच्या घरात बाथटब आहे, पण त्यात बादली आणि तांब्या आहे, तो त्याला "आंघोळ" म्हणतो. मिटन (थंडीतला हातमोजा) ओळखला नाही. कप दाखवला तर "चा" म्हणाला. तपासणारी बाई शून्य टाकणार तेवढ्यात मी म्हटलं, अहो तो चहा म्हणाला, त्यात चहाच असतो. तिने बाजूला काहीतरी लिहिलं, पण गुण दिला नाही. मला रडू आलं. गुणासाठी नाही. आपण त्याच्या वतीने भाषांतर करत बसलोय आणि कुणाला ते मोजता येत नाही, याचं.

घरी येऊन पत्र लिहिलं (सवय लागलीय). मुलाची तपासणी त्याच्या भाषेत करण्याची तरतूद आहे, दुभाषा चुकीच्या भाषेचा होता. 26 ला पुन्हा बोलावलंय, फोनवरून मराठी दुभाषा मिळतोय म्हणे.

शब्दवेल्हाळ, 19 फेब्रुवारी

उत्तम केलंत. या चाचण्यांचे आकडे इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन घरांतल्या मुलांवरून ठरवलेले असतात. मराठीत भाषांतर करून विचारलं की तो आकडा आकडा राहत नाही. म्हणून चांगला अहवाल गुणांवर थांबत नाही: मूल खेळताना काय करतं, दोन्ही भाषांत किती शब्द, मागताना बोट दाखवतं का, थोडं शिकवलं तर किती पटकन उचलतं, हे सगळं त्यात असावं. मी असते तर "चा"ला टाळी दिली असती.

आपल्या राज्यात या वयाला पात्रतेचा एकच सर्वसाधारण वर्ग (म्हणजे प्रकार, शाळेतला वर्ग नव्हे) आहे, "प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसॅबिलिटी". विकासाच्या एका क्षेत्रात 33 टक्के किंवा दोन क्षेत्रांत 25 टक्के मागे असलं की मूल पात्र. निदान असलंच पाहिजे असं नाही. नवऱ्याला हेही सांगा की हा वर्ग किंडरगार्टनपर्यंतच चालतो. त्याआधी पुन्हा तपासणी होते, मग दुसरा वर्ग लागतो किंवा काहीच लागत नाही. शिक्का उतरत नाही ही भीती निदान या कागदाला लागू नाही.

आयईपीची मीटिंग येईल तेव्हा दोन ठिकाणी बारीक नजर ठेवा. एक, ध्येयं. "भाषा सुधारेल" हे ध्येय नाही, तो आशीर्वाद आहे. "शब्द, खूण किंवा चित्र वापरून पाचपैकी चार वेळा हवी ती वस्तू मागेल" हे ध्येय. उद्या ते झालं की नाही हे तुम्हालाही ताडता आलं पाहिजे. दोन, मिनिटं. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला की गटात. "गटात" हा शब्द बारीक अक्षरात असतो. उन्हाळ्यातल्या वर्गाचंही तेव्हाच विचारा.

आणि मीटिंगमध्ये सही करू नका. कागद घरी आणा. आपण मराठी माणसं समोर सहा जण बसले, चहापाणी विचारलं, की भिडेखातर सही करून मोकळे होतो. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय. आईबाप "थँक यू" म्हणत उठतात आणि पार्किंगमध्ये गेल्यावर प्रश्न आठवतात. ते लोक उपकार करत नाहीयेत. 1975 च्या कायद्याने हे मोठ्या मुलांना मिळालं, 1986 च्या दुरुस्तीने तीन ते पाचच्या मुलांना. तेव्हाही ते आईबापांनी भांडूनच मिळवलं होतं.

आबोली_पीएसडी, 20 फेब्रुवारी

एका मुद्द्यावर माझं वेगळं मत. इथे कुणी म्हणेल इन्क्लूजनचाच वर्ग मागा, साध्या मुलांबरोबर बसवा. कायद्याचा कलही तोच आहे. आम्ही भांडून तेच मिळवलं. अठरा मुलांत माझी मुलगी दिवसभर कान झाकून कोपऱ्यात. दोन महिन्यांनी आम्हीच छोटा वर्ग मागितला. आठ मुलं, एक शिक्षिका, दोन मदतनीस. तिथे ती पहिल्यांदा गोलात बसली. आता दुपारी तासभर मोठ्या वर्गात जाते. वर्गाच्या नावावर भांडू नका, जाऊन अर्धा तास बसा आणि बघा.

शब्दवेल्हाळ, 20 फेब्रुवारी

मान्य. फक्त एवढंच की छोटा वर्ग हा मुलाला लागतो म्हणून असावा, डिस्ट्रिक्टकडे तोच एक आहे म्हणून नसावा. पुष्कळ ठिकाणी दुसरं कारण असतं, कारण साध्या मुलांसाठी पब्लिक प्रीस्कूलच नसतं. मजा बघा, शाळांच्या निधीवरच्या ॲबट खटल्यातल्या 1998 च्या निकालानंतर या राज्याच्या 31 गरीब डिस्ट्रिक्टांत सगळ्याच तीन-चार वर्षांच्या मुलांना फुकट प्रीस्कूल मिळू लागलं. आणि आपले लोक शाळेचं रेटिंग बघून ज्या महागड्या गावांत घरं घेतात, त्यातल्या कित्येक ठिकाणी शेजारी बसवायला मुलंच सापडत नाहीत.

कोथिंबीरवडी, 24 एप्रिल

उशीर झाला, माफ करा. घरात धावपळ होती.

आयईपी 8 एप्रिलला झाली. वाढदिवसानंतर पाच आठवडे. मीटिंगला सहा माणसं होती आणि मध्ये टिशूचा डबा. मी सही केली नाही. नवऱ्याने विचारलं, "ही वीस मिनिटं एकट्याची की गटातली?" सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मीही. कागद घरी आणला, दोन ध्येयं बदलून घेतली, स्पीच आठवड्यातून दोनदाची तीनदा झाली, त्यातली एक एकट्याची. गेलेल्या पाच आठवड्यांचं काय, असं लेखी विचारल्यावर उन्हाळ्यात स्पीचची आठ जादा सत्रं भरून द्यायचं कबूल केलं. पुन्हा केलेल्या तपासणीतली दुभाषी फोनवर होती, आवाजावरून कोल्हापूरची वाटली. "काय रं बाळा" म्हणाली आणि लेकाने फोन ओढून घेऊन त्याचा पापा घेतला. अहवालात ते वाक्य आलंय: सामाजिक प्रतिसाद, स्वतःहून.

वर्ग छोटाच घेतलाय, आबोलीताईंसारखा जाऊन बसून बघितला आणि मग ठरवलं.

आता बस. याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. शाळेची छोटी पिवळी बस दारात येते. तीन वर्षांचा मुलगा, पाठीवर त्याच्याएवढं दप्तर, पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये बांधलेला. ड्रायव्हर बाई आणि एक मदतनीस. पहिल्या दिवशी बस वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी चपला न घालता रस्त्यावर उभी. हा पोरगा परत आल्यावर "आज काय झालं" ते सांगू शकत नाही. कुणी रागावलं, खाल्लं नाही, शी झाली, काहीच नाही. म्हणून शिक्षिकेला विनंती केली आणि आता दप्तरात एक वही जाते-येते. ती दोन ओळी लिहिते, मी दोन ओळी लिहिते. मी मराठी शब्दांची यादीही शेवटच्या पानावर लिहून दिली: "दे", "पाणी", "नको", "आंघोळ", "चा". काल तिने वहीत लिहिलं होतं की आज त्याने "नको" म्हटलं, आणि तिला कळलं.

सासूबाई रोज चारला खिडकीत उभ्या असतात. ड्रायव्हर बाईंना त्यांनी "टाटा"चा हात करायला शिकवलंय.

तात्या_पंढरपूरकर, 25 एप्रिल

वाचून बरं वाटलं. आमच्या नातवाला एका कानाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला थोडं. मशीन लागलंय. परवा मशीन लावल्यावर कुकरच्या शिट्टीला घाबरून माझ्या मांडीत शिरला. शाळेवरची ताई दर पंधरवड्याला येते.

नवखी_जर्सी, 25 एप्रिल

कोथिंबीरवडी, पत्राचा नमुना व्यनि कराल का? आमचा ऑगस्टमध्ये तीनचा होतोय. नवरा तयार झालाय.

कोथिंबीरवडी, 25 एप्रिल

पाठवला. ऑगस्ट म्हणजे 120 दिवस आताच होत आलेत. आज रात्रीच टाका.